पान तेवीसवरचं ‘आम्ही’

मंगळवार, ३० ऑगस्ट

आज गवंड्याचं व्याख्यान झालं. हो, गवंड्याचं! या आर्किटेक्चर कॉलेजात एकतीस वर्षं मी पाहुण्यांची व्याख्यानं टेपवरून कागदावर उतरवतेय, पण थापी धरून धरून बोटं वाकडी झालेला पाहुणा व्यासपीठावर आज पहिल्यांदा चढला. डॉन क्रेसेन्सिओ ओव्हेलार, तोबाती गावचे, वय एकाहत्तर. डीनबाईंना मध्येच अशी हुक्की येते आणि निस्तरायला मी असतेच.

सभागृह खच्चून भरलं होतं. पहिल्या रांगेत मधोमध आर्किटेक्ट बोगारिन बसले होते, पांढरा सूट, काठीच्या मुठीवर दोन्ही हात. जुन्या बाजारावरचं, एकदा कोसळून पुन्हा बांधलेलं विटांचं कमानी छप्पर त्यांचंच. त्यावर त्यांना बक्षीस मिळालं, आमच्या डीनबाई त्यांच्या लाडक्या विद्यार्थिनी. आणि त्या कामावर हा क्रेसेन्सिओ गवंडी होता.

व्याख्यानाआधी व्हरांड्यात त्याने तेरेरेचा गुआम्पा, म्हणजे गार हिरव्या काढ्याचा शिंगाचा पेला, माझ्यापुढे धरला. “घ्या, न्या देओलिंदा, बर्फ घातलाय.” न्या म्हणजे बाई, गावाकडच्या तोंडचं. मी लगेच “ग्रासियास” म्हटलं. एकाच पेल्याच्या फेरीत ग्रासियास, म्हणजे आभार, म्हटलं की त्याचा अर्थ मला नको. कुणाकुणाची तोंडं लागलेली ती नळी! त्याने स्वतःच प्यायलं.

मग दीड तास बोलला, अर्धं स्पॅनिश, अर्धं गावाकडचं ग्वारानी. पोरं टाळ्या पिटत होती. माझा संताप होत होता, कारण हे सगळं सरळ करायचं काम माझं.

शुक्रवार, ९ सप्टेंबर

टेप उतरवून झाली. नऊ दिवस मान मोडून बसले.

आमचे नियम जुने आहेत आणि ते मीच घालून दिलेत. खोकला, अडखळणं, “पाणी द्या हो” हे सगळं कापायचं. समोर बसलेल्या कुणाला नाव घेऊन काही म्हटलं असेल तर तेही कापायचं. पुस्तक घरी बसून वाचणाऱ्याला त्याचं काय? पान तेवीसवर डॉन क्रेसेन्सिओ बोलता बोलता थांबला, पहिल्या रांगेकडे वळून काहीतरी दोन शब्द बोलला. कापले.

आणि ती ग्वारानी! साधं स्पॅनिश ‘नोसोत्रोस’ म्हणायचं तर तिथे दोन-दोन शब्द, ऐकणाऱ्याला वगळून ओरे, म्हणजे आम्ही, आणि त्याला धरून न्यांदे, म्हणजे आपण. आपण कुणाला धरतोय, कुणाला वगळतोय, दर वाक्याला ठरवत बसा. स्पॅनिशमध्ये एक शब्द आणि सुटका. मी सगळीकडे नोसोत्रोस घातलं. आता वाचलं तर वाटतं, एखादा शिकलेला माणूस बोलतोय. डॉन क्रेसेन्सिओला कळणारही नाही मी त्याच्यावर किती उपकार केलेत.

शाळेत ग्वारानीचा एक शब्द तोंडातून निघाला तर बाई मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावायच्या. माझ्या गुडघ्यांवर अजून खुणा आहेत. म्हणूनच माझं स्पॅनिश असं आहे की त्यात कुणी चूक काढून दाखवावी.

सोमवार, १९ सप्टेंबर

आज डीनबाईंशी कडाक्याचं भांडले. बोगारिनसाहेबांनी प्रस्तावना दिली, तर बाईंना लगेच गुळगुळीत कागद हवा, पुठ्ठ्याची बांधणी हवी, आतमध्ये रंगीत फोटो हवेत.

“देओलिंदा, एवढ्या मोठ्या माणसाची प्रस्तावना. दोन पिना मारलेलं चोपडं शोभेल का?”

“पोरं या पुस्तकांना ‘दोन पिना’च म्हणतात, बाई. एका चिपा-पावाच्या आणि एक कप गरम कोसीदोच्या पैशात मिळतं म्हणून घेतात. पुठ्ठा घातलात की ती फक्त तुमच्या कपाटात दिसतील.”

“ओरडू नका.”

“मी ओरडत नाहीये, माझा आवाजच असा आहे.”

दोन पिनाच ठरल्या. एकतीस वर्षांत या एका गोष्टीत मी कुणापुढे हरलेली नाही. लुके गावापासून दोन बस बदलून येणारी पोरगी उभ्याने प्रवास करत वाचते ती ही पुस्तकं, ती काही रविवारच्या दिवाणखान्यात ठेवायची नाहीत.

प्रस्तावना मात्र सुरेख आहे, मान्य करायला हवं. साहेब लिहितात, छप्पर उभं राहिलं त्यात डॉन क्रेसेन्सिओ ‘नोसोत्रोस’ म्हणतात, ते आर्किटेक्ट आणि गवंडी यांचं एकत्र नोसोत्रोस. आणि पहिलं छप्पर कोसळलं, त्याबद्दल डॉन क्रेसेन्सिओ खुल्या मनाने कबुली देतात, ‘नोसोत्रोस घाई केली’. आपली चूक अशी पदरात घेणारे कारागीर आता दुर्मीळ. शेवटी माझंही नाव आहे: ‘श्रीमती देओलिंदा आचुकार्रो यांचं निर्दोष लेखन.’ तो कागद मी घरी आणला.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

सहाशे प्रती आल्या. शाईचा वास अजून तसाच होता. कँटीनमध्ये न्या बासिलिसियाने चिपाच्या टोपलीशेजारी गठ्ठा मांडला, दुपारपर्यंत एकशे नव्वद गेल्या. ती म्हणाली, “तुझी पुस्तकं माझ्या चिपापेक्षा गरम जातात गं.”

शनिवारी दहा प्रती घेऊन तोबातीला जाईन म्हणते. स्वतःचं छापलेलं बोलणं पाहून म्हाताऱ्याचा चेहरा कसा होतो, ते बघायचंय.

शनिवार, १५ ऑक्टोबर

बघितला.

त्यांच्या अंगणात आंब्याखाली बसलो होतो. मागे भट्टी, वाळत घातलेल्या कच्च्या विटांच्या रांगा. डॉन क्रेसेन्सिओला स्पॅनिश वाचायला जड जातं, म्हणून मुलगी सुनिल्दा पुस्तक वाचून तिथल्या तिथे ग्वारानीत सांगत होती. ती शाळेत शिक्षिका आहे, आधी प्रस्तावना वाचून काढलेली. शेजारीपाजारी जमले. मी पाय ताणून ऐटीत बसले होते.

दुसऱ्या छपराचा भाग आला. सुनिल्दा म्हणाली, “न्यांदे छप्पर उभारलं.” म्हणजे आपण सगळ्यांनी.

म्हाताऱ्याने मान वर केली. “काय?”

“आपण उभारलं. तुम्ही आणि आर्किटेक्टसाहेब, सगळ्यांनी.”

“तो तिथे कुठे होता? पहिलं छप्पर कोसळल्यावर तो आठ महिने फिरकला नाही. वाच पुढे.”

ती पान तेवीसवर आली. मंत्र्याच्या हस्ते उद्घाटनाची तारीख ठरली होती, म्हणून कमानीखालचा लाकडी आधार, सेंटरिंग, पंधरा दिवस आधी काढलं. ती म्हणाली, “ओरे घाई केली.” म्हणजे आम्ही. आम्ही गवंड्यांनी, दुसऱ्या कुणी नाही.

त्या छपराखाली सापडून मेला तो एलेउतेरिओ, क्रेसेन्सिओचा धाकटा भाऊ. वय चोवीस.

डॉन क्रेसेन्सिओ उभा राहिला. “मी ओरे म्हटलं नाही.”

“पप्पा, इथे नोसोत्रोस आहे. आणि पुढे साहेबांनी लिहिलंय की तुम्ही कबूल केलंत.”

“मी न्यांदे म्हटलं! त्याच्याकडे बघून म्हटलं. ‘न्यांदे, आर्किटेक्तो.’ तो म्हणाला काढा, मी पाचरी ठोकून काढल्या, मी नको म्हटलं नाही. आपण मारलं त्याला, त्याने आणि मी. चाळीस वर्षं वाट बघितली मी हे त्याच्या तोंडावर म्हणायला. आणि छप्पर पुन्हा आम्ही बांधलं, ओरे, एलेउतेरिओने सांगितलं होतं तशी कमान उंच घेऊन.” मग माझ्याकडे वळला. “तुम्ही सगळं उलटं केलंत, सेन्योरा.”

न्या देओलिंदा नाही म्हणाला. शहरी, परकं सेन्योरा म्हणाला. दहाच्या दहा प्रती त्याने माझ्या पिशवीत परत भरल्या, नीट, एकावर एक.

रविवार, १६ ऑक्टोबर

ती सुनिल्दा! शिक्षिका म्हणे. बापाचं बोलणं बापाला उलटं सांगते. स्वतःच्या मनाने ओरे कशाला घालायचं? मी तर नोसोत्रोस लिहिलं होतं, त्यात दोन्ही बसतं.

आणि बोगारिन. त्या माणसाला ग्वारानी कळते. पहिल्या रांगेत बसून ऐकलं आणि असली प्रस्तावना लिहिली! दिवसभर डोकं तापलंय. मांडिओकाचे कंद तळाला लागले, ते तसेच मोरीत ओतले.

सोमवार, १७ ऑक्टोबर

सकाळी टेप ऐकली. पान तेवीस. “न्यांदे, आर्किटेक्तो.” स्पष्ट. मग कुणीतरी खुर्ची सरकवतं. चार वेळा ऐकलं.

तशीच डीनबाईंकडे गेले. म्हटलं, विक्री थांबवा, चूक आहे, माणसाच्या मरणाचा दोष एकट्या गवंड्याच्या माथी गेलाय.

“एका सर्वनामासाठी?”

“हो, एका सर्वनामासाठी.”

“देओलिंदा, स्पॅनिशमध्ये दुसरा शब्दच नाही. चूक कसली? व्याकरणाने बरोबर आहे. शिवाय डिसेंबरमध्ये नवीन सभागृहाला बोगारिनसरांचं नाव द्यायचंय. आता चाळीस वर्षांपूर्वीचं काय उकरून काढता?”

“ते मी उकरलेलं नाही. तो माणूस माईकवर बोललाय.”

“आणि तुमच्या कागदावर ते दिसत नाही. मग?”

नंतर जिन्याखालच्या माझ्या खोलीत येऊन टेबलावर मूठ आपटली, पेन्सिलींचा डबा खाली पडला. त्या उचलताना आधीचा मूळ मसुदा हाती आला. पान तेवीसवर माझी लाल रेघ. व्यवस्थित, पट्टी ठेवून मारलेली.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

बोगारिनसाहेब आज माझ्या खोलीत आले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. डीनबाईंनी सांगितलं असणार. उभेच राहिले.

मी बसा म्हटलं नाही. “साहेब, तुम्ही ऐकलं होतंत.”

“ऐकलं होतं,” ते ग्वारानीत म्हणाले. इतकी गोड, शेतावरची ग्वारानी, माझ्या आजोबांसारखी. मग स्पॅनिशवर आले. “मला वाटलं, आता हे छापून येणार. आठ दिवस झोपलो नाही. मग तुमची प्रत आली. पान तेवीस उघडलं, तिथे काही नव्हतं.”

“म्हणून तुम्ही तशी प्रस्तावना लिहिलीत?”

“तुम्ही लिहिलंत ते मी वाचलं, सेन्योरा. वाचलं त्यावर लिहिलं. मी काही बदललं का?”

“मग आता बदला! दोन ओळी लिहून द्या.”

ते काठीच्या टोकाने फरशीवरचा एक कागद सरकवत राहिले. “मी ब्याऐंशी वर्षांचा आहे,” म्हणाले आणि गेले.

नीच माणूस. परवापासून ज्याला नाही नाही ते बोलतेय तो नीच माणूस आहेच, पण खोटं बोलला नाही. त्याने काही बदललं नाही. बदललं ते मी. मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून स्पॅनिश शिकले, ते याच्यासाठी? शाळेतल्या त्या बाईंचं काम मीच पुढे चालवत होते, पट्टी ठेवून. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि मी मारली. लागलं.

बुधवार, १९ ऑक्टोबर

मध्यवर्ती पोस्टाजवळच्या शिक्केवाल्याकडून दोन रबरी शिक्के करून घेतले. एकावर ओरे, एकावर न्यांदे. त्याने विचारलं, “कुठल्या ऑफिसचे?” म्हटलं, “माझ्या.”

सुनिल्दाला फोन केला. माफी मागायला तोंड उघडलं तर शब्द स्पॅनिश निघाले, मग थांबले आणि ग्वारानीत म्हणाले. चाळीस वर्षांनी. ती म्हणाली, “पप्पांना विचारते.”

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

आला. सकाळच्या पहिल्या बसने, इस्त्रीचा शर्ट घालून, सुनिल्दाबरोबर.

कँटीनच्या लांब टेबलावर उरलेल्या तीनशे प्रती मांडल्या. मी टेप लावायची, तो ऐकायचा आणि म्हणायचा, “ओरे.” मी त्या नोसोत्रोसवर लाल शाईत ओरे मारायची. पोरं आपापल्या विकत घेतलेल्या प्रती घेऊन रांगेत उभी राहिली. दुपारपर्यंत रांग पायऱ्यांच्या खाली गेली. पुस्तकात एकूण एकेचाळीस नोसोत्रोस आहेत. चाळीस ओरे. न्यांदे एकच. तो शिक्का त्याने माझ्या हातात दिला नाही, प्रत्येक प्रतीत स्वतः मारला, दोन्ही हातांनी दाबून, विटेवर वीट बसवावी तसा.

तिसऱ्या तासाला डीनबाई आल्या. चेहरा लालबुंद.

“हा काय प्रकार आहे? विद्यापीठाच्या प्रकाशनावर शिक्के? सोमवारी ठरलं होतं ना आपलं की विषय बंद म्हणून! नोसोत्रोस ठरवलं होतं!”

चिपाच्या टोपलीमागून न्या बासिलिसिया म्हणाली, “कुठलं नोसोत्रोस, डोक्तोरा? ओरे का न्यांदे?”

अख्खं कँटीन हसलं. डॉन क्रेसेन्सिओ मात्र हसला नाही. त्याने पुढची प्रत उघडली.

पान तेवीस ओलं असतानाच मिटायचं नाही म्हणून पोरांनी उघडी पुस्तकं खिडक्यांवर, खुर्च्यांवर, जिन्याच्या कठड्यावर वाळत ठेवली होती. डीनबाईंना बाहेर जायला त्यांच्या मधून वाट काढावी लागली.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

कार्यकारी मंडळाचं पत्र आलं. ‘नोसोत्रोस, अधोहस्ताक्षरी सदस्य, खेदपूर्वक कळवतो’ की मला प्रकाशनातून काढून जुन्या नकाशांच्या तळघरात पाठवलंय. निवृत्तीपर्यंत. दोन पिनांची पुस्तकं यापुढे पुठ्ठ्यात निघतील.

हे वाचून मी खरोखर रडले. नोकरीसाठी नाही. पुठ्ठ्यासाठी. लुकेच्या त्या पोरीला आता ते परवडायचं नाही, आणि त्याला कारण मीच. लाल रेघ मारली नसती तर शिक्के मारावे लागले नसते. हे मी स्वतःला विसरू देणार नाही.

मग डोळे पुसले, पत्रातल्या पहिल्या शब्दावर ओरे मारलं आणि त्याच पाकिटात घालून परत पाठवलं.

बुधवार, २ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. बोलावलं नव्हतं, तरी तोबातीला गेले. एलेउतेरिओच्या थडग्यावर भावाने छोटीशी विटांची कमान बांधलीय, हातभर उंचीची. सांधा कुठे दिसत नाही. सुनिल्दाने शिक्का मारलेली प्रत आणली होती. घरच्या सगळ्यांनी मेणबत्त्या लावल्या, मग तिने पान तेवीस ग्वारानीत वाचलं. या वेळी तिला निवड करावी लागली नाही.

“न्यांदे घाई केली,” ती म्हणाली.

डॉन क्रेसेन्सिओने मान हलवली. मग माझ्याकडे वळला.

“न्यांदे, न्या देओलिंदा,” म्हणाला. “आपण. आर्किटेक्तोने ‘काढा’ म्हटलं, मी पाचरी काढल्या, तुम्ही रेघ मारलीत. तुम्हीसुद्धा घाईच केलीत.”

सगळे ऐकत होते. माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं, नियमांचं, एकतीस वर्षांचं. एलेउतेरिओ गेला तेव्हा मी या गावाचं नावही ऐकलं नव्हतं, हेही आलं होतं. मी ते गिळलं. तो माझ्यावर ओरडत नव्हता. मला बाहेर ठेवत नव्हता, एवढंच.

“हो,” मी म्हटलं. “न्यांदे.”

त्याने थर्मासमधलं गार पाणी गुआम्पात ओतलं, आधी थोडं थडग्याशी मातीत शिंपडलं, मग गुआम्पा माझ्यापुढे धरला. मी घेतला. नळीला त्याचं, सुनिल्दाचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं तोंड लागलेलं होतं. तळाशी खरखर वाजेपर्यंत प्यायले आणि गुआम्पा परत दिला. ग्रासियास म्हटलं नाही. फेरी पुढे गेली आणि पुन्हा माझ्यापर्यंत आली.